मे महिन्याची मोजपट्टी

जुन्नर पुढे की आंबेगाव, हा आमच्या भागातला न संपणारा वाद आहे. नारायणगावच्या एसटी स्टँडसमोर चहा पिणारी माणसं तो घालतात आणि मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांना टेकून बसलेली माणसंही घालतात. जुन्नरकर म्हणतो, शिवनेरी आमची, नाणेघाट आमचा, अष्टविनायकांतले दोन गणपती आमचे, खोडदची महादुर्बीण आमची. आणि टोमॅटोच्या बाजाराचं तर बोलायलाच नको. आंबेगावकर म्हणतो, पुण्याहून भीमाशंकरला निघालात तर आमच्या घोडेगावावरूनच जाल, डिंभे धरण आमचं, सातगाव पठाराचा बटाटा आमचा. वाद गमतीचा असतो, कारण दोन्ही बाजू एकमेकांच्या सोयऱ्याच असतात. याची बहीण तिकडे नांदते, त्याची आत्या इकडे.

पण मुलगी द्यायची वेळ आली की वाद गमतीचा राहत नाही. तेव्हा प्रश्न खरोखरच विचारला जातो : तिकडचं जगणं कसं आहे? मी कविता लिहिणारा माणूस, आकड्यांचा नव्हे. तरीही दोन जागांच्या जगण्याची तुलना कशी करायची, या प्रश्नाने मला बरेच दिवस घेरलं होतं. त्याचं मला सर्वांत स्वच्छ वाटलेलं उदाहरण फार लांबचं आहे, पॅसिफिक महासागरातलं. ते आधी सांगतो, मग घरी परत येऊ.

नाउरू आणि तुवालू अशी दोन राष्ट्रं आहेत. राष्ट्रं म्हणायचं ते संयुक्त राष्ट्रसंघात त्यांना खुर्ची आहे म्हणून. एरवी नाउरूचं क्षेत्रफळ २१ चौरस किलोमीटर आणि तुवालूचं २६. दोन्हीकडची वस्ती दहा-बारा हजारांच्या घरात, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावाएवढी. नाउरू हे एकच बेट. तुवालू म्हणजे नऊ प्रवाळबेटांची माळ.

नाउरूच्या जमिनीत फॉस्फेट सापडलं. फॉस्फेट म्हणजे खताचा कच्चा माल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ते खणून बोटींत भरलं गेलं आणि मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या शेतांवर पसरलं गेलं. १९६८ साली नाउरू स्वतंत्र झालं, खाणी लोकांच्या ताब्यात आल्या, आणि पुढच्या दहा वर्षांत दरडोई उत्पन्नात हे चिमुकलं बेट जगातल्या अव्वल देशांत जाऊन बसलं. कर नाही, दवाखाना फुकट, शाळा फुकट. मेलबर्न शहरात त्यांनी ५२ मजल्यांची इमारत बांधली. लंडनमध्ये लिओनार्दो दा विंचीच्या आयुष्यावरच्या एका संगीतनाटकातही या बेटाचा पैसा गुंतला होता; ते १९९३ साली रंगमंचावर आलं आणि आपटलं. मग फॉस्फेट संपत आलं. पैसा उधळला गेला होता, मेलबर्नची इमारत विकावी लागली. बेटाचा जवळजवळ चार-पंचमांश भाग खणून निघालेला, नुसते प्रवाळाचे सुळके उरलेले. तिथे ना शेती होते ना घर बांधता येतं.

तुवालूकडे खणण्यासारखं काहीच नव्हतं. १९७८ साली तो देश स्वतंत्र झाला तेव्हा त्याच्या हातात नारळ, मासे आणि परदेशी बोटींवर काम करणारी पोरं एवढंच होतं. १९८७ साली मदत करणाऱ्या देशांच्या साहाय्याने त्यांनी एक राखीव निधी उभारला आणि तो जपून वापरला. पुढे इंटरनेट आलं तेव्हा त्या देशाच्या वाट्याला आलेली 'टीव्ही' ही दोन अक्षरं जगभरच्या कंपन्यांना हवीशी झाली, त्याचं भाडं मिळू लागलं. गरीब, पण नेटका देश. मात्र त्याची सर्वांत उंच जागा समुद्रापासून पाच मीटरही नाही. समुद्र वर चढतो आहे. २०२३ साली ऑस्ट्रेलियाबरोबर करार झाला, त्यानुसार दर वर्षी २८० तुवालूवासीयांना तिकडे जाऊन कायम राहता येतं. २०२५ साली पहिली सोडत निघाली, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच देशातल्या एक-तृतीयांशाहून अधिक माणसांची नावं अर्जांत होती.

आता सांगा, दोहोंतलं जगणं कुठलं बरं? १९७५ साली विचारलं असतं तर कुणीही नाउरू म्हटलं असतं. आज तसं छातीठोकपणे कोण म्हणेल? उत्पन्नाचा आकडा खरा होता, पण जमीन कुठे चालली आहे हे तो सांगत नव्हता. १९९० साली महबूब उल हक यांनी मानव विकासाचा अहवाल काढला, त्यात अमर्त्य सेन यांचाही हात होता. माणूस किती जगतो, किती शिकतो हेही उत्पन्नाच्या शेजारी मांडा, असं त्यांनी जगाला सांगितलं. ते योग्यच झालं. तरी तोही शेवटी वर्षाचा, सगळ्या देशाचा सरासरी आकडा. तुवालूत वर्षाला जवळपास तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तरीही २०११ साली तिथे पिण्याच्या पाण्यासाठी आणीबाणी जाहीर करावी लागली. नदी नाही, जमिनीखालचं पाणी खारं, छपरांवरून टाक्यांत उतरेल तेवढंच गोडं पाणी. काही महिने पाऊस रुसला आणि टाक्या कोरड्या पडल्या. त्या वर्षाची सरासरी त्या एका आठवड्याचं काहीच सांगत नाही.

तेव्हा माझी मोजपट्टी अशी ठरली : जागेचं जगणं तिच्या सर्वांत वाईट महिन्यात मोजावं. आपल्याकडे तो महिना मे.

जुन्नर आणि आंबेगाव माहीत नसलेल्यांसाठी थोडा भूगोल सांगतो. बोलताना नकाशा दाखवता येत नाही, म्हणून आपला डावा हात तळवा स्वतःकडे करून समोर धरा, बोटं उजवीकडे, अंगठा वर. मनगट म्हणजे सह्याद्री, पश्चिमेचा घाटमाथा, त्यापलीकडे कोकण. बोटं म्हणजे पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या. अंगठा पुष्पावती, पहिलं बोट कुकडी, मधलं मीना, अनामिका घोड. करंगळी भीमा, ती खेड तालुक्यातून जाते, आज तिचं काम नाही. ढोबळमानाने मधलं बोट आणि अनामिका यांच्यामधून दोन तालुक्यांची हद्द जाते : वर जुन्नर, खाली आंबेगाव. आणि बोटांच्या टोकांकडे, सगळ्या नद्या ओलांडत, पुणे-नाशिक रस्ता जातो. त्यावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा.

आता तालुका-तालुका तुलना करायची म्हणजे वरच्या दोन बोटांची खालच्या एका बोटाशी तुलना करायची. ती करता येते, पण तिच्यातून काही कळत नाही. पिकं तीच, बाजार तेच, साखर कारखाना दोन्हीकडे : विघ्नहर तिकडे, भीमाशंकर इकडे. खरा फरक बोटाच्या मुळापासून टोकाकडे जाताना पडतो, आणि तो दोन्ही तालुक्यांत सारखाच पडतो. जुन्या लोकांना हे ठाऊक असावं. जुन्या दफ्तरांत या मुलखाची विभागणी नद्यांच्या खोऱ्यांनी केलेली दिसते : कुकडनेर, मिन्नेर, घोडनेर, भीमनेर. नेर म्हणजे खोरं. मला हे शब्द फार आवडतात, कारण त्यांत डोंगर आणि मैदान एकाच नावात आहेत. तालुक्याची हद्द नंतर आली.

मनगटाकडे पाऊस किती? भीमाशंकर-आहुप्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, म्हणजे तुवालूइतका. पूर्वेला बेल्हे, लोणीकडे तो पाचशे-सहाशेवर येतो. मध्ये अंतर किती, तर सकाळी एसटीत बसलं की दुपारच्या आत पार. तरीही मे महिन्यात टँकर कुठे जातो? पावसाच्या गावाला. घाटघर, आंबे, हातवीज, आहुपे, पिंपरगणे, तिरपाड ही सगळी मनगटाकडची नावं. आषाढात जिथे चार दिवस सूर्य दिसत नाही, तिथे बायका वैशाखात झिऱ्याशी बसून वाटीवाटीने हंडा भरताना तुम्हाला भेटतील.

याचं कारण गूढ नाही. सह्याद्री काळ्या पाषाणाचा. या दगडात पाणी धरून ठेवायला पोकळी थोडी, तीही भेगांपुरती. वर मातीचा थर पातळ, उतार तीव्र. जुलैतला पाऊस काही तासांत ओढ्याला, ओढ्यातून नदीला आणि नदीतून खाली. भेगांत जे मुरतं त्याचे झरे होतात. ते माघ-फाल्गुनापर्यंत टिकतात, मग आटतात. जंगल दाट असेल तिथे थोडे जास्त टिकतात. विहीर खणावी तर खाली अखंड कातळ. तुवालूचं जे दुखणं, तेच हे : आभाळाकडून भरपूर मिळतं, ठेवायला भांडं नाही.

भांडं बांधलं गेलं, पण ते या लोकांसाठी नव्हतं. कुकडी प्रकल्पात पाच धरणं आहेत. येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार जुन्नर तालुक्यात, आणि घोड नदीवरचं डिंभे आंबेगावात. तुमच्या हाताच्या बोटांच्या पेरांवर ती बसली आहेत असं समजा. त्यांचं पाणी जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि पार सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातं. सात तालुके, तीन जिल्हे. या पाण्याने या मुलखाचा चेहरा बदलला, हे मी मोकळेपणाने म्हणतो. नारायणगावचा टोमॅटो, जुन्नरची द्राक्षं, ओतूरचा कांदा, मंचरच्या आसपासचा भाजीपाला, सगळीकडचा ऊस, त्यातून आलेली पक्की घरं, पोरांची इंजिनिअरिंग कॉलेजं. ज्यांनी पूर्वेचा जुना दुष्काळ पाहिला आहे त्यांना कालव्याची किंमत सांगावी लागत नाही.

पण आता एक साधा हिशेब करू. हिशेब माझा आहे, तुम्हीही कागद घेऊन करू शकता. धरणाचं पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३१ कोटी. खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं, असं २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ठरवलं. हजार वस्तीचं एक गाव धरा, आणि फेब्रुवारी ते मे असे १२० टंचाईचे दिवस धरा. ५५ गुणिले हजार गुणिले १२०, म्हणजे ६६ लाख लिटर. एका टीएमसीत अशी चार हजारांहून अधिक गावं उन्हाळा काढतील. आणि एकट्या डिंभ्याचा उपयुक्त साठा साडेबारा टीएमसीच्या आसपास आहे. धरणाच्या काठावरची आणि वरच्या अंगाची गावं किती? चार हजार नव्हेत, काही डझन. धरणातल्या उन्हाने उडून जाणाऱ्या पाण्याच्या हिशेबात हे पाणी दिसणारही नाही.

मग अडलं कुठे? अडलं उंचीवर. कालवा हा पाण्याला उतरणीवरून चालवत नेतो, त्याला वीज लागत नाही. धरणाच्या भिंतीपासून निघालेला कालवा डोंगराच्या कडेकडेने, जवळजवळ एकाच उंचीवरून पुढे जातो, आणि त्या रेषेच्या खाली जे जे आहे त्याला पाणी मिळतं. रेषेच्या वर जे आहे त्याला ते उपसून घ्यावं लागतं. उपसायचं म्हणजे पंप, पाइप, विजेचं बिल, पंप जळाला तर दुरुस्ती, आणि हे सगळं सांभाळणारा माणूस. ज्याच्या शेतात टोमॅटो आहे त्याला हे परवडतं. ज्याच्याकडे एक हंगाम भात, थोडी नाचणी-वरई आहे, त्याला परवडत नाही. पाइपलाइन आली तरी बिल थकतं, वीज तुटते, आणि उद्घाटनाची पाटी तेवढी राहते. अशा पाट्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत.

ही रेषा पश्चिमेलाच आहे असं मात्र समजू नका. जुन्नरच्या पूर्व टोकाला आणे पठार आहे. त्याच्या खालून पाणी जातं आणि पठार पावसाची वाट पाहतं. आंबेगावच्या पूर्वेला लोणी-धामणीचा भाग तसाच. सातगाव पठारावर बटाटा होतो तोही पावसाच्या भरवशावर. म्हणून मी म्हणतो, जुन्नर की आंबेगाव हा प्रश्नच चुकीच्या रेषेवर उभा आहे. गाव कालव्याच्या वर की खाली, एवढं विचारा. अर्धं उत्तर तिथे मिळतं.

पाणी खाली गेलं की त्याच्या मागून माणसं जातात. दिवाळीनंतर भात निघालं की पश्चिमेच्या आदिवासी गावांतून, महादेव कोळी, ठाकर, कातकरी घरांतून माणसं पूर्वेकडे कामाला येतात. पहाटे जीप भरतात. नारायणगावला सकाळी मजुरांचा बाजार भरतो, तिथे शेजारच्या अकोले तालुक्यातून आणि घाटाखालूनही माणसं येऊन उभी राहतात. टोमॅटोची तोडणी, द्राक्षांची छाटणी, कांद्याची काढणी. म्हणजे आषाढात याच्या डोंगरावर पडलेल्या पाण्यावर पिकलेला टोमॅटो हा पौषात मजुरीने तोडतो. मुलं मागे राहतात, आजीजवळ किंवा आश्रमशाळेत. मजुरी मिळते हे चांगलंच आहे. ती नसती तर उन्हाळा आणखी कठीण गेला असता. पण दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यात ती मजुरी नीट बसते आणि रिकामं गाव बसत नाही.

सुखाच्या गावांनाही आपली दुखणी आहेत, ती झाकून ठेवू नयेत. उसाच्या दाट फडांत बिबट्याने संसार थाटला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात हल्ल्यांनी हाहाकार उडाला, त्यातून माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं, आणि प्रश्न अजून संपलेला नाही. रात्री विजेची पाळी आली की मोटार सुरू करायला काठी-बॅटरी घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा, बागायतीतलं जगणं कसं आहे ते. टोमॅटोचंही तसंच. २०२३ च्या जुलैत भाव असे चढले की लोकांनी गाड्या घेतल्या. इतर वर्षी तोच माल तोडणीच्या खर्चालाही महाग होऊन रस्त्याकडेला पडतो. तरीही या माणसाला मे महिन्यात प्यायला पाणी असतं. फरक मी तिथे धरतो.

आंबेगाव तालुक्याचं नाव ज्या गावावरून पडलं ते आंबेगाव आज डिंभ्याच्या पाण्याखाली आहे. तालुक्याची कचेरी घोडेगावला, बाजार मंचरला, आणि नावाचं गाव जलाशयात. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की जुन्या बांधकामाचे अवशेष वर येतात, लोक बघायला जातात. तुवालूचे एक मंत्री २०२१ साली गुडघाभर समुद्रात उभे राहून जगाला उद्देशून बोलले होते, आपला देश बुडतो आहे म्हणून. ते चित्र जगभर गाजलं. आमच्या तालुक्याचं गाव बुडालं तेव्हा ते चित्र कुणी काढलं नाही.

बुडालेल्यांचं पुढे काय झालं? कायदा होता. पण जमिनीच्या बदल्यात लाभक्षेत्रात जमीन हवी असेल तर मिळालेल्या मोबदल्यातले ६५ टक्के आधी भरायचे, अशी त्यात अट होती. डोंगरउताराच्या जमिनीचा मोबदला तो केवढा, आणि आधीच देणेकरी दारात. हातात आलेला पैसा भरणार कोण? अनेक कुटुंबं कालव्याखाली गेलीच नाहीत. वर सरकली, पाण्याच्या काठावर, उरलेल्या उतारावर. धरणाच्या पाण्याकडे वरून पाहत राहिली.

त्यांनी तिथे जे केलं ते मला महादुर्बिणीइतकं थोर वाटतं. एक तर पडकई. उतारावर दगडी ताली रचून भातखाचरं पाडायची जुनी पद्धत. दहा-पंधरा घरं एकत्र येतात, आज याच्या रानात, उद्या त्याच्या. दुसरी गाळपेर : हिवाळ्यापासून धरणाचं पाणी उतरू लागलं की उघड्या पडणाऱ्या ओल्या गाळात पीक घ्यायचं, पाणी परत चढायच्या आत काढायचं. तिसरी मासेमारी : जलाशयात आदिवासींच्या सहकारी संस्थेने बीज सोडून मासे धरायचे. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत' संस्थेने या लोकांबरोबर वर्षानुवर्षं काम केलं. गाळपेरीचा आणि मासेमारीचा हक्क मिळवण्यासाठी लढे झाले, पडकईला सरकारी योजनेत जागा मिळाली. २०१२ साली या कामाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्याला किती जागा मिळाली असेल, तुम्हीच ओळखा.

या भागाचं नाव देशभर पोचलं ते दोन वर्षांनी, आणि वेगळ्याच कारणाने. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डिंभ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या माळीण गावावर डोंगर खचून आला. एसटीच्या चालकाला रोजच्या जागी गाव दिसलं नाही, तेव्हा ही बातमी खाली आली. १५१ माणसं गेली. अतिवृष्टी हे कारण होतंच; उतारावरचं सपाटीकरण आणि पाणी निघून जायच्या वाटा बुजणं यांचीही चर्चा तज्ज्ञांनी केली. २०१७ च्या एप्रिलमध्ये जवळच आमडे इथे नवं माळीण उभं राहिलं, पक्क्या घरांचं; आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते, भराव खचल्याच्या बातम्या आल्या. पक्कं घर हा राहणीमानाच्या तक्त्यातला एक रकाना आहे. तो रकाना माळीणकरांचा भरला गेला. कशाच्या बदल्यात, ते लिहायला तक्त्यात जागा नाही.

हिरड्याची गोष्ट त्यामानाने कमी लोकांना माहीत आहे. पश्चिमेच्या घरांना उन्हाळ्यात रोख पैसा देणारं झाड म्हणजे हिरडा. चैत्र-वैशाखात कोवळा बाळहिरडा गोळा करून वाळवायचा, आदिवासी विकास महामंडळाला किंवा व्यापाऱ्याला विकायचा. औषधाला, कातडी कमावायला तो लागतो. म्हणजे सर्वांत वाईट महिन्यातलं ते उत्पन्न. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ कोकणातून वर चढलं आणि या भागातले हिरड्याचे मोठमोठे वृक्ष मुळासकट आडवे झाले. द्राक्षाची बाग पडली तर पंचनाम्याचा नमुना तयार असतो. हिरडा फळबाग की रानातलं झाड, इथूनच सुरुवात. भरपाईसाठी लोकांना वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले, उपोषणाला बसावं लागलं. आणि हिरड्याचं नवं रोप लावलं तरी ते नातवासाठी लावायचं.

आता तुम्ही म्हणाल, दोन तालुक्यांत काही भांडण नाहीच का? आहे ना, आणि तेही पाण्याचंच. डिंभ्याचं पाणी बोगद्याने माणिकडोहात आणावं, म्हणजे पुढे पारनेर, श्रीगोंदा, कर्जतकडे ते नीट पोचेल, अशी योजना बरीच वर्षं चर्चेत आहे. अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, ती हवी आहे. आंबेगावात तिला विरोध आहे, कारण बोगदा खालून पाडला तर धरण लवकर रिकामं होईल अशी भीती आहे. पुढाऱ्यांची भाषणं होतात, कालवा समितीच्या बैठका गाजतात. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. शेवटच्या टोकाचा करमाळ्याचा शेतकरीही तहानलेलाच आहे. माझी तक्रार एवढीच की या भांडणात सगळे कालव्याखालचे आहेत. आवर्तन कधी, कुणाला किती, याचा वाद. जलाशयाच्या वर राहणारा माणूस त्या बैठकीत लाभधारक म्हणून बसूच शकत नाही, कारण कागदोपत्री त्याला लाभ नाही.

कागद म्हटलं म्हणून एक आडवळण. जुन्नरात एके काळी हातकागद बनत असे, आमच्या समाजातली कागदी घराणी तो बनवत. चिंध्या, सुतळी कुटून, धुऊन लगदा करायचा; त्याला वाहतं, स्वच्छ पाणी भरपूर लागतं. दफ्तरांत जुन्नरी कागदाला मान होता. १४९० साली मलिक अहमदने निजामशाहीचं पहिलं ठाणं जुन्नरला केलं, त्याच्याही कितीतरी आधी सातवाहनांचा व्यापार नाणेघाटातून इथे उतरत होता, त्यामागेही हेच असणार : घाटाची वाट आणि नदीचं पाणी एकाच जागी. या मुलखाला पाण्याने नेहमीच श्रीमंत केलं आहे. कुणाला, हा प्रश्न तेव्हाही असेल.

आणि उपाय अगदीच नाहीत असंही नाही. एक तर इथेच, याच खोऱ्यात करून पाहिलेला आहे. त्याला बुडीत बंधारा म्हणतात. जलाशयाच्या वरच्या टोकाला, जिथे ओढा धरणात शिरतो, तिथे एक साधा बंधारा घालायचा. पावसाळ्यात धरण भरलं की तो पाण्याखाली बुडून जातो, दिसतही नाही. उन्हाळ्यात कालव्यांची आवर्तनं सुटतात, धरणाचं पाणी मैल-दीड मैल मागे सरतं, तेव्हा या बंधाऱ्याची पाठ वर येते आणि तिच्या मागे पाणी अडून राहतं. गावाच्या पायथ्याशी. खालच्या सात तालुक्यांच्या वाट्याला त्याने कळण्याइतका धक्काही लागत नाही. डिंभ्याच्या काठच्या काही गावांना असे बंधारे मिळाले, आणखी काही गावांची मागणी कागदावर आहे. ज्या गावांना मिळाले तिथे मे महिन्यात गुरं त्या पाण्यावर उतरतात, आणि बायकांची खेप झिऱ्याच्या वाटेवरून या बंधाऱ्याच्या वाटेवर वळते. खेप चुकलेली नाही, पण ती आता शाळेच्या घंटेआधी संपते, आणि हंड्याला हातभार लावणारी मुलगी वर्गात वेळेवर जाऊन बसते.